ज्याचे पान त्याला

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘पाळीव प्राण्यांचा आहार’ ह्या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या एक वहिनी हसून म्हणाल्या, “अहो, त्यात अर्धा तास बोलण्यासारखे काय आहे? आपण खातो त्यातलेच थोडे त्यांना घालायचे!” वहिनी समोरच बसल्या आहेत आणि त्या माझ्यावर रागावणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. कारण पंधरा-वीस वर्षांपूर्वी मीही नेमके हेच म्हणत होते. आज मी जे काही सांगणार आहे, ते त्या एका वाक्याचे उत्तर आहे, आणि ते उत्तर मला फार महागात पडले आहे.

आपण सगळ्या पाने वाढणाऱ्या बायका. घरात पाच माणसे असली तर पाचही पाने सारखी आपण कधी वाढतो का? सासऱ्यांना दात नाहीत, त्यांना मऊ भात. कोणाला मधुमेह, त्याच्या पानात साखर नाही. बाळंतीण घरात आली की तिचा डिंकाचा लाडू निराळा, आणि दहावीतल्या मुलाची भूक निराळी. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. ताट पुढे ओढले की हात आपोआप ठरवतो. मात्र घरातल्या सहाव्या जिवापाशी, म्हणजे दाराशी शेपूट हलवीत बसलेल्या कुत्र्यापाशी किंवा पायांत घोटाळणाऱ्या मांजरीपाशी आलो, की आपला हा शहाणपणा कुठे जातो कोण जाणे! त्याच्या वाडग्यात उरलेसुरले तरी पडते, नाहीतर लाडाचे तरी पडते. त्याच्या मापाचे असे काही पडतच नाही.

आमच्याकडे बंड्या नावाचा पांढरा स्पिट्झ होता. मुलुंडमध्ये त्या काळी दर दोन इमारतींआड असा एक पांढरा, केसाळ, भुंकरा कुत्रा असे. सगळे त्याला पामेरियन म्हणत. बंड्याचे वजन सहा-सात किलो असायला हवे होते. ते अकरा किलो झाले होते, आणि आम्ही कौतुकाने त्याला ‘शेटजी’ म्हणत होतो. एका दिवाळीत, पाडव्याच्या रात्री, त्याला उलट्या सुरू झाल्या. पोट धरून, पाठीची कमान करून तो कोपऱ्यात बसून राहिला. सकाळी डॉक्टरांकडे नेले. स्वादुपिंडाला सूज आली होती. तुपातेलाचे एकदम पुष्कळ खाणे झाले की, विशेषतः लठ्ठ कुत्र्याला, असे होण्याचा धोका असतो, हे आम्हांला त्या दिवशी प्रथम समजले.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, “ह्याला घरात कोण कोण खायला घालते?” आम्ही एकमेकांची तोंडे पाहू लागलो. मग एकेक जण बोलू लागला. माझे सासरे, अण्णा, जेवताना त्याला अर्धी पोळी तूप लावून देत. सकाळच्या चहाबरोबर मी दोन बिस्किटे देत असे. मुले डब्यातला चीजचा तुकडा आणून देत. कामाच्या मावशी भाकरीचा पापुद्रा देत. हे ऑफिसातून आले की त्यांचा वाटा असेच. शिवाय दिवाळीचा फराळ. प्रत्येकाला वाटत होते, आपण देतो ते थोडेसेच आहे. आणि ते खरेही होते. ज्याने त्याने थोडेसेच दिले होते. बेरीज मात्र कोणीच केली नव्हती.

चौथ्या दिवशी बंड्या गेला. आठ वर्षांचा होता. अण्णांना कोणी एका शब्दाने बोलले नाही. बोलण्यासारखे त्यांचे एकट्याचे काही नव्हतेच. पण त्या दिवसापासून अण्णांनी तुपाची लोटी स्वतःच्या पानाजवळ कधी ठेवून घेतली नाही. मी ही घरची गोष्ट चारचौघींत सांगते ती ह्यासाठी, की आमच्या घरात माया कमी नव्हती. माप नव्हते.

मुक्या प्राण्याला घास काढून ठेवणे हा आपल्याकडचा फार जुना धर्म. गोग्रास, काकबळी हे शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी रोजचे होते. दत्तगुरूंच्या तसबिरीत पायांशी चार कुत्री असतात, आणि स्वर्गाच्या दाराशी धर्मराज अडून बसला तो बरोबरच्या कुत्र्यासाठी. आपली मुंबईही ह्या बाबतीत मागे नाही. १८३२ साली सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला तेव्हा कोटातील पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि शहरात दंगा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा ह्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय १८८३ सालचे, आणि मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचे. म्हणजे दया आणि दवाखाना दोन्ही आपल्या शहरात फार पूर्वीपासून आहेत. कमी पडते ती वाडग्यासमोर उभे राहून करायची थोडी चौकशी.

आणि ही चौकशी करण्याचे एका अर्थी आपल्यावर ऋणही आहे. लहानपणी आपल्याला नाक दाबून कॉडलिव्हर तेल पाजत, आठवते ना? ते मुडदुसावर चालते हे सिद्ध झाले कुत्र्यांच्या पिल्लांमुळे. १९१९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी ह्या शास्त्रज्ञाने पिल्लांना घरात ठेवून मुख्यतः ओटच्या लापशीवर वाढवले. त्यांची हाडे वाकली. कॉडलिव्हर तेल दिल्यावर ती सुधारली. आपल्या मुलांची हाडे सरळ राहावीत म्हणून त्या पिल्लांनी वाकडी हाडे सोसली. मग आपल्या घरच्या पिल्लाला नुसत्या दूधपोळीवर वाढवताना आपण दोनदा विचार करायला नको का?

आता प्रत्यक्ष वाडग्याकडे वळू. प्रथम कुत्रा घेऊ, कारण तो बहुतेकींच्या घरात आहे.

कुत्रा लांडग्याच्या कुळातला, म्हणून त्याला फक्त मांसच हवे, असे काही जण सांगतात. ते तितके खरे नाही. हजारो वर्षे तो माणसाच्या चुलीशी राहिला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की पिठूळ अन्न पचवण्याची कुत्र्याची शक्ती लांडग्यापेक्षा पुष्कळ वाढली आहे. तेव्हा भात, भाकरी, पोळी त्याला पचते. पण पचते म्हणजे पुरते असे नव्हे. त्याला प्रथिने माणसापेक्षा वजनाच्या मानाने जास्त लागतात. ती अंडी, कोंबडी, मासळी, पनीर, दही ह्यांतून मिळतात. घरात मांसमच्छी चालत नसेल तरी कुत्रा नीट आखलेल्या शाकाहारावर राहू शकतो. मात्र तो आहार जाणत्या पशुवैद्याकडून आखून घ्यावा लागतो. वरणभात म्हणजे आखलेला शाकाहार नाही.

कोणी म्हणतील, “गावाकडे आमचा कुत्रा ताक-भाकरीवर बारा वर्षे जगला!” जगला, खरे आहे. पण तो दिवसभर काय करीत होता? मेंढरांमागे कोसच्या कोस पळत होता, शेतात उंदीर-घुशी मारीत होता, आणि भाकरीखेरीज आणखी काय काय खात होता ते आपण पाहायला गेलोच नव्हतो. आपण दिलेले तेवढे आपल्या लक्षात राहिले. आपला कुत्रा लिफ्टने खाली जातो, चौकाला एक फेरी मारतो आणि पंख्याखाली झोपतो. त्याला त्या कुत्र्याची भाकरी कशी चालेल?

आता थोडा हिशेब सांगते. घाबरू नका, दूधवाल्याच्या हिशेबापेक्षा सोपा आहे. सहा किलोच्या, नसबंदी झालेल्या आणि घरात राहणाऱ्या कुत्र्याला दिवसाकाठी साधारण ४०० ते ४५० कॅलरी लागतात. आपल्यासारख्या घरात वावरणाऱ्या बाईला १,७०० च्या आसपास. एक ग्लुकोज बिस्किट २५ कॅलरींचे धरा. चार बिस्किटे म्हणजे १०० कॅलरी, म्हणजे त्या कुत्र्याच्या दिवसाच्या अन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा. आपल्या मापाने ती सोळा-सतरा बिस्किटे झाली! आपण सकाळच्या चहाबरोबर सोळा बिस्किटे खाऊ का? बेसनाचा एक मध्यम लाडू सुमारे २०० कॅलरींचा, म्हणजे त्याचा अर्धा दिवस. बंड्याची तुपाची अर्धी पोळी, माझी दोन बिस्किटे, मुलांचे चीज आणि मावशींचा पापुद्रा ह्यांची मी नंतर कागदावर बेरीज केली. पावणेतीनशेच्या घरात गेली. त्याचे वाडग्यातले जेवण निराळेच.

म्हणून डॉक्टर सांगतात की वरखाऊ दिवसाच्या एकूण अन्नाच्या दहाव्या हिश्शापलीकडे जाऊ नये. बिस्किटाऐवजी गाजराचा, काकडीचा, दुधीचा तुकडा द्या. कुत्र्याला आपल्या हातून काहीतरी मिळाल्याचा आनंद हवा असतो. ते बिस्किटच असावे असा त्याचा आग्रह फारसा नसतो.

कमी खाऊ घातले तर प्राणी खंगेल, ही भीती आपल्या मनात खोल रुतलेली आहे. त्यासाठी एक उदाहरण सांगते. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून त्यांचा जन्मभर अभ्यास केला गेला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा चौथा हिस्सा कमी अन्न दिले, मात्र ते सकस होते. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणारी कुत्री सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली, आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. कुत्र्याच्या बारा-तेरा वर्षांच्या आयुष्यात दोन वर्षे म्हणजे किती! मला बंड्याची दोन वर्षे मिळाली असती तर मी काय दिले नसते?

घाटकोपरला माझ्या धाकट्या जावेकडे लॅब्रेडॉर आहे. तो जेवून उठला की पाचव्या मिनिटाला ताटलीकडे असा पाहतो की जन्मात अन्न पाहिले नाही. ती बिचारी विरघळते. तिला मी सांगितले, की त्याचा दोष नाही आणि तुझाही नाही. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना असे आढळले की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रेडॉर कुत्र्यांत एक जन्मजात फरक असतो, आणि त्यामुळे त्यांची भूक शमतच नाही. अशा वेळी त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, त्याच्या बरगड्यांवर ठेवायचा.

बरगड्यांची परीक्षा सोपी आहे, ती आज घरी जाऊन करा. एका हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताने तिच्या उंचवट्यांवरून बोट फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या इतक्या टोचत असतील तर तो हडकुळा. मूठ उघडून तळव्यावरून बोट फिरवा. बरगड्या अशा गादीखाली दडल्या असतील तर तो लठ्ठ. आता हात पालथा करून त्याच्या पाठीवरून बोट फिरवा. हाडे हाताला लागतात पण टोचत नाहीत. तसे लागले तर ठीक. वरून पाहिले असता कंबर थोडी आत गेलेली दिसली पाहिजे. वजन करायचे असेल तर कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभ्या राहा आणि मग आपले वजन वजा करा. आपले वजन कोणाला सांगायची गरज नाही!

कुत्रा म्हटला तरी सगळ्या कुत्र्यांचे पान एक नाही. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला वजनाच्या मानाने मोठ्या कुत्र्याच्या जवळजवळ दुप्पट अन्न लागते, आणि ते दिवसातून तीन-चार वेळा द्यावे लागते. नुसते मांस आणि भात घातला तर त्याला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडून हाडे कमकुवत होतात. उलट मोठ्या चणीच्या जातीच्या पिल्लाला ‘लवकर वाढावे’ म्हणून कॅल्शियमचे औषध मनानेच पाजले, तरी हाडांत दोष निर्माण होतो. पिल्ले पाजणारी कुत्री भरपूर खाते, तिला खाऊ द्यावे. नसबंदी झाल्यावर गरज कमी होते, तेव्हा वाटी लहान करावी. डाल्मेशियन जातीच्या शरीरात युरिक ॲसिड निराळ्या रीतीने बाहेर पडते आणि त्यांना मूतखड्याचा त्रास होतो. त्यांना कलेजी घालणे बरे नाही. हीच कलेजी दुसऱ्याला थोड्या प्रमाणात चालते.

आमच्याकडे सध्या गुंडी आहे. बंड्या गेल्यावर दोन वर्षांनी, जुलैच्या पावसात, जनरेटरच्या पत्र्याखाली सापडलेली आपली साधी गावठी कुत्री. ती आता तेरा वर्षांची आहे आणि तिची मूत्रपिंडे थकली आहेत. तिचे पान डॉक्टरांनी लिहून दिले आहे: भात, अंड्याचा पांढरा भाग, शिजवलेला दुधी आणि त्यांनी दिलेली पूड. पिवळा बलक नाही, हाडांचे सूप नाही, कारण त्यांतला फॉस्फरस तिला सोसत नाही. मागच्या महिन्यात एक मैत्रीण म्हणाली, “तुमच्या गुंडीला हे चांगले मानवले आहे, मीही आमच्या पिल्लाला हेच सुरू करते.” मी तिचा हातच धरला. हे पान गुंडीचे आहे. तिच्या पिल्लाला ते घातले तर ते उपाशी राहिल्यासारखेच होईल.

आता मांजर. इथे मला जरा नाजूक बोलायचे आहे. आपल्या मुलुंड-घाटकोपरच्या पुष्कळ घरांत स्वयंपाकघरात अंडेही येत नाही. मी स्वतः अशाच घरात वाढले, आणि त्या आचाराविषयी माझ्या मनात आदर आहे. पण मांजर शाकाहारी होऊ शकत नाही. टॉरिन नावाचा एक पदार्थ तिच्या डोळ्यांना आणि हृदयाला लागतो. तिचे शरीर तो पुरेसा तयार करू शकत नाही. तो मांसात आणि मासळीत असतो, धान्यभाज्यांत नसतो. त्यावाचून मांजरीची दृष्टी जाते, हे १९७५ साली समजले. १९८७ साली असे दिसून आले की कित्येक मांजरी हृदय फुगून मरत होत्या त्याचे कारणही हेच. गाजरापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व बनवते. मांजरीला तेही जमत नाही.

“पण आमच्या आजीची मांजर दूधभातावर राहत असे!” हे मला प्रत्येक वेळी ऐकावे लागते. आजीची मांजर दूधभात खाऊन माळ्यावर जाई आणि उंदीर मारी. पाली खाई, चिमण्या धरी, मासळीवालीच्या टोपलीभोवती घुटमळे. दूधभात तिचे तोंडी लावणे होते, जेवण ती बाहेरून करून येत असे. आपल्या सातव्या मजल्यावरच्या मांजरीला खिडकीच्या जाळीतून कबूतर दिसते, एवढेच तिचे भाग्य. शिवाय कित्येक मोठ्या मांजरींना दूध पचतही नाही, त्यांना जुलाब होतात.

मग शाकाहारी घराने काय करावे? मांजर आणण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी बसून हे बोलावे. विकत मिळणारे, मांजरीसाठीच बनवलेले संपूर्ण अन्न स्वयंपाकघराबाहेर, बाल्कनीत, निराळ्या ताटलीत देता येते. माझ्या माहितीच्या एक-दोन जैन कुटुंबांनी असेच केले आहे, आणि त्यांच्या आचाराला काही बाध आला असे त्यांना वाटत नाही. तेही जमण्यासारखे नसेल तर मांजर आणू नये. तिला आपला धर्म पाळायला लावणे हे काही तिच्यावर प्रेम नाही.

मांजरीविषयी आणखी तीन गोष्टी. ती पाणी फार कमी पिते, म्हणून नुसत्या कोरड्या खाण्यावर ठेवू नये, थोडे ओले अन्न द्यावे. बोका वारंवार मुतायला बसून मूत होत नसेल तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. नुसत्या मासळीवरही मांजर ठेवू नये. काही माशांत, कच्चे असताना, ब१ जीवनसत्त्वाचा नाश करणारा पदार्थ असतो, आणि सुकट तर मिठाने भरलेली असते. लठ्ठ मांजरीला एकाएकी उपाशी ठेवणे सर्वांत वाईट. दोन-तीन दिवस खाणे सुटले तर तिच्या यकृतात चरबी साचून जीव धोक्यात येतो. तिचे वजन उतरवायचे ते महिन्यामहिन्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

पक्ष्यांचे थोडक्यात सांगते. आपला देशी हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पिंजऱ्यात ठेवता येत नाही. तेव्हा मिरची-डाळीचा प्रश्नच मिटला. लव्हबर्ड, बजरीगर असे परदेशी पक्षी पुष्कळांकडे असतात. त्यांना नुसते राळे आणि बाजरी घालून भागत नाही. त्यात अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडते. कोथिंबीर, पालक, किसलेले गाजर रोज थोडे द्यावे, आणि पिंजऱ्याला समुद्रफेणाचा तुकडा अडकवावा. ॲव्होकॅडो हे नवे फळ हल्ली आपल्या घरांत येऊ लागले आहे. ते पक्ष्यांना विष आहे. आणि काचेच्या पेटीतले मासे? दोन मिनिटांत जेवढे खाऊन संपेल तेवढेच टाका. मासे मरतात ते बहुधा उपासाने नाही, तळाशी कुजलेल्या खाण्याने.

आता ही आपल्या स्वयंपाकघराची यादी. हे मात्र कृपा करून लिहून घ्या. कांदा आणि लसूण, कच्चा असो, शिजवलेला असो वा मसाल्यातला असो, कुत्र्यामांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. म्हणून रश्श्यातली कोंबडी धुऊन घातली तरी चालत नाही. त्यांच्यासाठी आधी काढून, बिनमसाल्याची शिजवावी. द्राक्षे, मनुका, बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. नाशिक-सांगलीचा हा मेवा आपल्याकडे शिऱ्यात, प्रसादात, खिरीत सगळीकडे असतो. द्राक्षातल्या टार्टारिक ॲसिडाने हे होत असावे, असे अमेरिकेतील पशुवैद्यांनी अलीकडे मत मांडले आहे, आणि २०२२ साली त्यांनी चिंच खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांच्या नोंदीही प्रसिद्ध केल्या. चिंच-गुळाच्या आमटीचा भात कुत्र्याला घालणाऱ्या किती जणी इथे आहेत, हात वर करू नका, मला माहीत आहे! चॉकलेट नको. काही ‘शुगर-फ्री’ गोळ्यांत झायलिटॉल असते, त्याने कुत्र्याची रक्तशर्करा एकदम उतरते. शिजवलेली हाडे फुटून आतड्यात रुततात. आणि ताप वाटला म्हणून मांजरीला पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा देऊ नका. तेवढ्यानेही ती दगावू शकते.

आपल्या सणावारांचीही एक गोष्ट. श्रावण लागला की घरातले अंडे बंद होते, आणि त्याबरोबर कुत्र्याचेही! भाद्रपदात पुन्हा एकदम सुरू. मग त्याचे पोट बिघडते आणि आपण म्हणतो, पावसाळी हवा आहे. उपास आपला असतो, त्याचा नसतो. अन्न बदलायचेच असेल तर सात ते दहा दिवसांत, जुन्यात थोडे थोडे नवे मिसळत बदलावे.

शेवटी दाराबाहेरच्या प्राण्यांविषयी, कारण ह्यावरून आपल्या सोसायट्यांत भांडणे होतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणे हे पुण्याचेच काम आहे, पण भिंतीपलीकडे शिळ्या अन्नाची पिशवी भिरकावणे हे खाऊ घालणे नव्हे. त्याने उंदीर वाढतात, आणि आपल्या मुलुंड, भांडुप, बोरिवलीसारख्या भागांत त्याहून मोठी गोष्ट घडते. आपल्या मागे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या बिबट्यांच्या खाद्यात भटक्या कुत्र्यांचा मोठा वाटा असल्याचे अभ्यासकांना आढळले आहे. उघड्या कचऱ्यावर कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मग ज्याला आपण घास घातला तोच दुसऱ्याचा घास होतो, आणि आपल्या मुलांनाही धोका होतो. २०२३ च्या केंद्राच्या नियमांत असे म्हटले आहे की जागा आणि वेळ ठरवून, जिने, प्रवेशद्वार आणि मुलांची खेळण्याची ठिकाणे सोडून खाऊ घालावे आणि नंतर जागा स्वच्छ करावी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ठरावीक जागीच खाऊ घालण्यावर भर दिला. भात, थोडे प्रथिन, मीठमसाला नाही, जवळ पाण्याचे भांडे, आणि खाऊन झाल्यावर खरकटे उचलणे. एवढे केले तर खाऊ घालणाऱ्या आणि तक्रार करणाऱ्या शेजारणी एकाच मंडळात सुखाने नांदतील, अशी मला आशा आहे.

भगिनींनो, हे सगळे ध्यानात ठेवायला अवघड वाटले तर दोनच गोष्टी करा. घरच्या प्राण्यासाठी एक वाटी ठरवा. किती भरायची ते डॉक्टरांकडून, त्याचे वय, वजन आणि आजार सांगून, समजून घ्या. आणि फ्रिजवर एक कागद चिकटवा. घरातल्या ज्याने त्याला जे दिले, ते त्याने त्या कागदावर लिहायचे, मग तो बिस्किटाचा तुकडा का असेना. पहिल्या आठवड्यात आपल्याला आश्चर्य वाटेल, दुसऱ्या आठवड्यात घरात थोडे भांडण होईल, आणि तिसऱ्या आठवड्यात कागद आपोआप कोरा राहू लागेल.

आमच्या घरी असा कागद तेरा वर्षे आहे. अण्णा होते तोवर त्यावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, तेच लिहीत: ‘सकाळी ९. गाजर, एक तुकडा. अण्णा.’ गुंडी त्यांच्या खुर्चीशी बसून तो एक तुकडा अगदी सावकाश खात असे, आणि त्या तुकड्यात दोघांचेही भागत असे.